विमानात न बसवलेली माणसं

बाबूजी, तुमचं कपाट उघडलं. तुम्ही गेल्याला वीसहून जास्त वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्याच्या काचेवरची धूळ मी बाहेरून पुसत आले, दार मात्र कधी उघडलं नाही. लोकांना वाटतं, पोरीचं बापावर केवढं प्रेम, वस्तू जशाच्या तशा जपल्या आहेत. लोकांना तसं वाटू देण्यात माझं काही जात नव्हतं. खरं कारण एवढंच, की लहानपणी एकदा मी त्यातल्या एका विमानाच्या पंखाला बोट लावलं होतं आणि तुम्ही मान वर न करता म्हणाला होता, "तुह्या हाताले वळण नाही. दूर हो." ते वाक्य त्या दाराला कुलपासारखं लटकून राहिलं. मी आठवड्याला एक लेख लिहिते, त्यात सरपंचापासून साहेबापर्यंत सगळ्यांची सालं काढते, जिल्ह्यातली बरी बरी माणसं मला पाहून रस्ता बदलतात, आणि मी एका लाकडी कपाटाला घाबरत होते. हा विनोद मी कुठल्याही लेखात वापरलेला नाही. तो तुमच्यासाठी राखून ठेवला होता.

कपाट उघडायचं कारण आई. ती आता भंडाऱ्याला माझ्याकडेच असते. काचबिंदूनं तिचे डोळे गेले, आधी एक, मग दुसरा. तुम्ही असता तर तुमच्या ते वेळेवर लक्षात आलं असतं का, याची मला शंका आहे. तुम्ही तिच्याकडे पाहत होता ते मुख्यतः केसांसाठी. त्याचं पुढे बोलू. तर मागच्या महिन्यात तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती एकदम म्हणाली, "तुह्या बापाच्या विमानासारखं माह्या घराचं करता येते का वं?" मी विचारलं, कोणतं घर? "माहं घर. गावचं. डोळ्यानं तं आता काही दिसत नाही. हातानं पाह्यलं असतं एकदा." आईचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. ते जाणार हे तुम्हाला आमच्या सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पण गेलेलं तुम्ही पाहिलं नाही, पाणी चढायच्या आधीच तुम्ही निघून गेलात. आता आईची प्रकृती अशी आहे की डॉक्टर तारीख सांगत नाहीत, फक्त "त्यांना आवडेल ते खाऊ द्या" म्हणतात. तिला खायला काही नको. तिला हातात मावेल एवढं घर पाहिजे.

म्हणून तुमची विमानं आठवत बसले. तुमचा कॉलेजातला एक मित्र जहाजावर नोकरीला होता, त्याच्याकडून कधीमधी मॉडेल विमानाच्या किटचा एखादा डबा यायचा. आपण तेव्हा अड्याळला राहायचो. पोस्टमन डबा हलवून हलवून आणतो, "साहेब, आतमधी का तरी फुटलं वाटते," आणि तुमचा चेहरा पांढरा पडतो. डब्यावर रंगीत चित्र, आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी, चौकटींना चिंचेच्या आकड्यांसारखे लटकलेले पार्ट, प्रत्येकाला नंबर. लढाईतली विमानं तुम्हाला नको होती, जेट तर नाहीच. तुम्हाला हवी होती ती अगदी पहिली, काडी-कापडाची, जी पाहून कोणीही शहाणा माणूस म्हणेल की हे उडणार नाही. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचं, ज्यात माणूस खालच्या पंखावर पालथा पडून बारा सेकंद उडाला. पॅरिसमधल्या त्या बुटक्या ब्राझीलवाल्याचं बांबूचं. पाय भाजलेला असताना कुबड्या सोबत घेऊन खाडी ओलांडणाऱ्या मिशीवाल्या फ्रेंच माणसाचं. तुमचा नियम एकच होता, आणि तो घरात देवाच्या आरतीहून जास्त वेळा ऐकू यायचा: आधी कोरडं जुळवायचं, डिंक मागून. प्रत्येक पार्ट डिंकाशिवाय जागेवर बसवून बघायचा, श्वास रोखून चारी बाजूंनी निरखायचा, काढायचा, घासायचा, परत बसवायचा. मनासारखा बसला तरच डिंक. विमानांच्या बाबतीत तुम्ही शेवटी डिंकापर्यंत पोचायचा. माणसांच्या बाबतीत कोरडं जुळवण्यावरच थांबलात.

आणि ते केस. त्या जुन्या विमानांना पंख धरून ठेवायला ताराच तारा असतात, आणि एवढ्याशा आकारात साधा दोरा लावला तर तो नावेच्या दोरखंडासारखा दिसतो. तुम्ही त्यावर उपाय काढलात आईचा. रविवारी न्हाऊन ती सांदवाडीत, म्हणजे आपल्या मागच्या अंगणात, विंचरायला बसायची. इतर घरांत बायका गळालेल्या केसांचा गुंडा करून, त्यावर थुंकून तो बाहेर फेकतात, कारण घरात केस पडले की भांडण होतं. आपल्या घरात तुम्ही कागद घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसायचा. "सरळ पाहून दे. वळलेला नको." आई म्हणायची, "मुळासकट उपटून देऊ का?" तुम्ही खरंच विचार करायचा. "नको, मुळाशी जाड असते." ती हसायची, आणि एकेक केस उजेडात धरून द्यायची. तेव्हा दिसत होतं तिला. आपल्या घरात एवढे केस असूनही कधी भांडण झालं नाही. भांडणाला दोघांनी बोलावं लागतं.

जेवताना मात्र तुम्ही बोलायचा. ताटात पाणी ओतून त्यात बोट फिरवून खाडी काढायचा, आणि सांगायचा की त्या मिशीवाल्याच्या आधी एक श्रीमंत, देखणा माणूस निघाला होता, त्याचं इंजिन अर्ध्या वाटेत बंद पडलं, विमान पाण्यावर उतरलं आणि तो पंखावर पाय टाकून सिगारेट ओढत बसला, बोट येईपर्यंत. तुम्हाला तो आवडत नसे. पोचला नाही ना! आईला तोच आवडायचा. "बुडला तरी बिडी ओढत बसला," ती भाकर थापता थापता म्हणायची, "हा मानूस बरा. त्याचं करा ना विमान." तुम्ही म्हणायचा, "त्याचं येत नाही." मग दुसरी गोष्ट, त्या विद्वान म्हाताऱ्याची, ज्यानं सरकारी खर्चानं विमान बांधलं, नदीत नाव उभी करून तिच्या छतावरून सोडलं आणि ते सरळ नदीत गेलं, परत सोडलं, परत नदीत. त्यानंतर काही दिवसांतच त्या दोघा भावांनी स्वतःच्या हिमतीवर उडवून दाखवलं. "सरकारी काम," तुम्ही म्हणायचा आणि ताटातलं पाणी पिऊन टाकायचा. तुम्ही स्वतः धरणाच्या कार्यालयात नकाशे काढायला होता, त्यामुळे हा विनोद तुमचा तुम्हालाच शोभत होता. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाहीत: त्याच काळात एक बाईही विमान चालवायला शिकली होती, नाटकात काम करणारी, परवाना मिळालेली पहिली. ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं, स्वतःच वाचून. तुम्हाला माहीत नसेल असं नाही. तिचा डबा आला नसेल, एवढंच.

तान्हा पोळा आठवतो? मला तर विसरायचाय आणि जमत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं आपापले लाकडी बैल सजवून तोरणाखाली नेतात, बैलाला चाकं असतात, शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि मग घरोघर फिरून बोजारा मागायचा, कुणी खाऊ देतं, कुणी चार-आठ आणे. मी नऊ वर्षांची, मला बैल पाहिजे. सुताराच्या दुकानात लाल शिंगांचा एक बैल मी पाहून ठेवला होता. तुम्ही म्हणाला, "बैल सगळेच आणतात. आपण विमान नेऊ." मला वाटलं, ठीक आहे, विमानालाही चाकं असतात, दोरी बांधू, ओढू. पण तुम्ही ते मला हातातच दिलं नाही. मोडेल म्हणून. स्वतः दोन्ही हातांत, देव्हाऱ्यातला देव उचलावा तसं उचललंत, आणि त्या ओळीत, पोरांच्या ओळीत, माझ्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिलात. एका बाजूला धोतर-फेट्यात नटलेली पोरं आणि त्यांचे बैल, दुसऱ्या बाजूलाही तेच, मधे एक पूर्ण वाढलेला सरकारी नोकर आणि त्याचं विमान. मी रिकाम्या हातांनी. एक म्हातारा काठी टेकत आला, विमानाकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "याले शिंगं कुठी हायेत जी?" दुसरा म्हणाला, "हे गाभन हाय वाटते, म्हून उचलून आनलं." अख्खा पोळा हसला. तुम्ही गंभीरपणे त्याला पुढचा दांडा कशासाठी असतो ते समजावत राहिलात. शेवटी बक्षिसं झाली, आणि उत्तेजनार्थ म्हणून एक स्टीलची कटोरी त्यांनी दिली. मला नाही. तुम्हाला. तुम्ही घेतलीत. आई त्या कटोरीत वर्षानुवर्षं मीठ ठेवत होती.

चौकातल्या पानठेल्यावर तर तुमचं एक पक्कं वैर होतं. ठेलेवाला म्हणायचा, विमान आपल्याच माणसानं मुंबईच्या चौपाटीवर आधी उडवलं, गोऱ्यायनं दाबून टाकलं. तुम्ही म्हणायचा, "मंग त्याचं किट दाखव." "किट का होते साहेब, इतिहास हाय." "ज्याचं किट नाही ते झालंच नाही." तेव्हा मला तुमचा अभिमान वाटायचा, आज त्या चौपाटीच्या गोष्टीवर लिहिते तेव्हाही मी तुमच्याच बाजूनं लिहिते, शिव्या खाते. पण तुमचं ते वाक्य पुढे कुठं जाऊन लागणार आहे, ते कुणाला माहीत होतं.

ते लागलं आईच्या माहेरी. धरणात जाणाऱ्या गावांतली घरं मोबदल्यासाठी मोजायचं काम तुमच्याकडे आलं, आणि एक दिवस त्या यादीत आजोबांचं घर आलं. मी कॉलेजच्या सुट्टीत घरी आलेली, आपण तिघं एसटीनं गेलो. तुमचा टेप धरणारा माणूस त्या दिवशी आला नाही. तुम्ही आईला म्हणालात, "हे टोक पकड. भिंतीले टेकवून ठेव. हलवू नको." तिनं पदर खोचला आणि पकडलं. ओसरीपासून स्वयंपाकाच्या खोलीपर्यंत, तिथून धानाच्या ढोलीपर्यंत, बैलांच्या कोठ्यापर्यंत, सांदवाडीच्या भिंतीपर्यंत. ज्या कोपऱ्यात ती जन्मली त्या कोपऱ्यात वाकून तिनं टोक धरलं, आणि दुसऱ्या बाजूनं तुम्ही आकडा वाचून लिहीत गेलात. आजोबा ओसरीवर खाटेवर बसून गमतीनं म्हणाले, "जावईबापू, टेपाले जराशी ढील सोडा ना." तुम्ही म्हणालात, "मामाजी, टेप सगळ्यायले सारखा." बरोबर होतं. तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मी आजवर एक शब्द लिहिला नाही, कारण लिहायला काही सापडलं नाही. तुम्ही सासऱ्याचं घर परक्याच्या घरासारखं मोजलंत, आणि परत येताना एसटीत शांत झोपलात. आईच्या अंगठ्यावर टेपच्या गंजाचा डाग होता. ती तो दुसऱ्या अंगठ्यानं घासत खिडकीबाहेर बघत होती.

त्या संध्याकाळी तुम्ही विमान घेऊन बसलात. आई दारात उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं तुमच्याकडे काही मागितलेलं मी पाहिलं ते तेवढंच. "अवो, एवढी विमानं केली तुमी. माह्या घराचं बी एक करा ना. मापं तं हायेतच आता." तुम्ही ब्रश धुवत होता. म्हणालात, "त्याचं किट येते का?" आईला वाटलं तुम्ही थट्टा करताय, ती थोडी हसली. मग तुम्ही समजावून सांगितलंत, अगदी मायेनं, पोळ्यातल्या म्हाताऱ्याला समजावलं होतं तसं: "मॉडेल त्याचं करत असतात ज्यानं काहीतरी पह्यलं केलं. घरं तं हजारो हायेत." आई म्हणाली, "मले तं तेच पह्यलं होय." आणि आत गेली. ते तुम्ही ऐकलंच नव्हतं. पंखाचा कोन जुळत नव्हता. पुढच्या रविवारी ती न्हाऊन विंचरायला बसली, तुम्ही कागद घेऊन गेलात, आणि तिनं तुमच्या देखत केसांचा गुंडा केला, त्यावर थुंकली आणि भिंतीपलीकडे फेकला. त्यानंतर तिनं तुम्हाला एकही केस दिला नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत. मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी वितळवून, ताणून तुम्ही तारा करायला शिकलात. आता कपाटात पाहिलं, त्या प्लॅस्टिकच्या तारा तुटून लोंबताहेत. केसाच्या अजून ताणलेल्या आहेत, आणि काळ्या. आईचं डोकं पार पांढरं झालं, बाबूजी.

तर मी घर करायला घेतलं. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या, पुठ्ठा आणला, खोक्याच्या नालीदार कागदाची छपरावरची कवेलू केली. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला एक चिमटा दिला होता, बारीक टोकाचा, तुमच्या डब्यातला जुना. बाकीच्या मुलींना घड्याळं मिळाली होती. तो चिमटा तीसेक वर्षांनी पहिल्यांदा कामाला आला. पहिलं घर झालं, आईच्या मांडीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, "भिंती लई उंच झाल्या वं. आमच्या घरी कोनी हत्ती पाळला नोहता." दुसरं केलं. "हे घर नोहे, पंचायत समिती होय." तिसऱ्याला तर तिनं ओसरीपर्यंत बोटं नेली, परत घेतली आणि शेंगांचं टोपलं पुढ्यात ओढलं. मी म्हटलं, "आई, तू मापं सांग ना. तूच तर टेप धरला होता." ती म्हणाली, "माह्याकडे तं शून्याचं टोक होतं वं. आकडे सगळे तिकडल्या बाजूले निघत."

तुमच्या जुन्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला ओळखलं म्हणून चहा मिळाला, आणि ओळखलं म्हणूनच बाकी काही मिळालं नाही. शेवटी तुमचं कपाट. आता गोष्ट असती, तर कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तुम्ही गुपचूप केलेलं आईचं घर सापडलं असतं, आणि मी ढसाढसा रडले असते, आणि दिवाळी अंकात ती छापूनही आली असती. मी तळापर्यंत सगळं उचकलं. घर नव्हतं. नकाशा नव्हता. वाळलेल्या रंगाच्या बाटल्या, घासकागद, एक ब्लेड, आणि खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी. ती खुळखुळली. उघडली तर आत माणसं.

मी विसरूनच गेले होते. प्रत्येक किटमधे विमानासोबत माणूस येतो, करंगळीच्या पेराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, हात पुढे करून बसलेला. तुम्ही तो कधी बसवला नाही. मी विचारलं होतं, तुम्ही म्हणाला होता, "मानूस नीट होत नाही. प्लॅस्टिकचा वाटते. त्याच्याबिगर विमान साफ दिसते." तुमची सगळी विमानं रिकामी उडाली. खाडी ओलांडणारं रिकामं, बांबूचं रिकामं. फक्त त्या दोघा भावांच्या विमानात झोपलेला माणूस पंखाला चिकटूनच आला असावा, कारण पंखावर तुम्ही त्याला खरवडून काढल्याच्या खुणा आहेत. बाकीचे सगळे या डबीत, एकमेकांच्या अंगावर, गुडघे दुमडून, नसलेला दांडा हातात धरून बसलेले. आपलं घर, बाबूजी, तुम्ही किती नेमकं बनवलं होतं.

डबी आईला नेऊन दिली. "हे का होय?" म्हटलं, माणसं, बाबूजींनी विमानात बसवली नाहीत ती. तिनं एकेकाला बोटांत धरून पाहिलं. "नाकं हायेत," ती म्हणाली. मग त्यातला सगळ्यांत मोठा उचलून तिनं विचारलं, "याले उभा कराले होते का?" मी म्हटलं, गुडघे कापावे लागतील. "काप. तुह्या बापाले उभा कर." का, म्हटलं. आणि ती हसायला लागली. शेंगांचं टोपलं मांडीवरून सांडलं एवढी हसली. तुम्ही मला हे कधी सांगितलं नव्हतंत. तुम्ही आईला पाहायला म्हणून पहिल्यांदा त्या घरी गेलात तेव्हा ऐटीत, ताठ मानेनं दारातून आत शिरलात आणि चौकटीवर कपाळ आपटलंत. असं आपटलंत की आतल्या बायकांना वाटलं, वरून कवेलू पडलं. आजीनं हळद लावली. तुम्ही पिवळ्या कपाळानं पोहे खाल्लेत आणि मुलगी पसंत आहे म्हणालात. "पोरी हसून राहिल्या, आन् हा मानूस आपला शिष्टासारखा बसला. टेंगूळ हे एवढं!" आईनं स्वतःच्या भुवईच्या वर दोन बोटं ठेवली. "इथी. इथीच लागली होती चौकट. तेवढंच दार. माहं डोक्सं तं खालून जाये, मले कधी लागलं नाही. तुह्या बापाले मात्र मंग दर बखत वाकूनच यावं लागलं."

सापडलं माप. मी तुमच्या ब्लेडनं त्या वैमानिकाचे गुडघे कापले, पाय सरळ जोडले, उभा केला, आणि त्याच्या भुवईच्या वर दोन बोटं, म्हणजे त्याच्या मापाची दोन बोटं, तिथं चौकट आणली. आणि एकदा दार मिळाल्यावर आईकडून सगळं घर निघालं. तिच्याकडे फूट-इंच नव्हते, पण शून्यही नव्हतं. ओसरी म्हणजे आजोबांची खाट आणि वर अर्धी खाट. कोठा म्हणजे दोन बैल आडवे आणि मधे एक माणूस शेण उचलायला. सांदवाडीची भिंत म्हणजे आईला पलीकडचं दिसायचं, आजीला नाही. ढोली म्हणजे लपंडावात दोन पोरी मागे मावायच्या, तिसरी दिसायची. ती सांगत गेली, मी कापत गेले, आधी कोरडं जुळवत, काढत, घासत, परत बसवत. माझ्या हाताला वळण आहे, बाबूजी. तुमचंच आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

गेल्या आठवड्यात घर पूर्ण झालं आणि मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं आधी छपरावरून हात फिरवला, कवेलू मोजल्यासारखी बोटं चालवली, ओसरीवर थांबली. कोठ्यात एक बोट घालून बैल नाहीत याची खात्री केली. मग सांदवाडीत गेली, तिचं बोट भिंतीच्या कोपऱ्यात टेकलं, जिथं तिनं शेवटी टेपचं टोक धरलं होतं. "हे होय," ती म्हणाली. बस, एवढंच. मग परत फिरून दाराशी आली तर बोटाला काहीतरी अडलं.

"हे कोन?"

"बाबूजी."

तिनं त्याला वरून खाली चाचपलं. "वाकले नाही."

"वाकत नाहीत ना आई. प्लॅस्टिकचे हायेत."

"मंग लागू दे," ती म्हणाली, आणि तिनं तुम्हाला अलगद पुढे ढकललं. तुमचं कपाळ चौकटीला टेकलं.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्न नाही. तुम्हाला टाकता येत नाही, आणि लेखात छापायला ते फार घरगुती आहे. तुम्हाला माफ तर करणार नाही. तुम्हाला मापं माहीत होती, तुमच्याकडे डिंक होता, संध्याकाळ होती, आणि ती दारात उभी होती. या चारांतलं एकही नव्हतं, असं निमित्त मी तुम्हाला देत नाही. माझ्या मनात तुम्हाला त्या घराच्या बाहेरच ठेवायचं होतं. माप घेतल्यावर डबीत परत टाकणार होते, इतरांसोबत, गुडघे नसलेल्या एकाला. आईनं सांगितलं, राहू दे दारात. राहू दिलं. पण चिकटवलेलं नाही, नुसतं टेकवून ठेवलंय. सकाळी मी झाडते तेव्हा टेबलाला धक्का लागतो, तुम्ही ओसरीवर तोंडावर पडता, आणि मी चिमट्यानं उचलून परत उंबऱ्यात उभं करते. आईला आवाजावरून कळतं. "चिपकवून काहून नाही टाकत वं त्याले?" ती म्हणते. मी तिला सांगते, डिंक संपला.

डिंक संपलेला नाही, बाबूजी.